नापासबाईंची सही

माझ्या नणंदेनं मला आजवर चार वेळा नापास केलं आहे. शाळेत नव्हे. शाळेत मी कधीच नापास झाले नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाचाही गैरसमज व्हायचा.

मी ब्रेकर डिझाइन करते. घरात इस्त्री लावली की बोर्डावर खट्कन पडतो तो नव्हे. त्याचा खापरपणजोबा म्हणा. विजेच्या मोठ्या केंद्रात, लाखो व्होल्टच्या वाहिनीवर बसतो तो. दिसायला आडवी ठेवलेली पाण्याची टाकी, आत गॅस ठासून भरलेला. वाहिनीवर कुठे झाड पडलं, तार तुटली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रवाह तोडायचा, एवढंच त्याचं काम. एवढंच, हे म्हणायला सोपं आहे. आतले दोन संपर्क एकमेकांपासून ओढून दूर केले तरी प्रवाह ऐकत नाही. तो मधल्या फटीतून उडी मारतो आणि तिथे जाळ पेटतो, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा गरम. हा जाळ टाकीतल्याच गॅसच्या झोतानं विझवायचा असतो. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यातलं एखादं शून्य गाठून फुंकर मारायची. ते हुकलं तर पुढचं. तेही हुकलं आणि त्यापुढचंही, तर मग टाकीची काळजी करत बसायचं नाही, टाकीजवळ कोण उभं होतं ते बघायचं.

फुंकर मारायला जोर लागतो. आमच्या कारखान्यात जोर म्हणजे स्प्रिंग असं मानणारा मोठा गट आहे आणि माझे वरिष्ठ त्या गटाचे म्होरके. त्यांना सगळे स्प्रिंगसाहेब म्हणतात, आणि ते त्यांना आवडतं. जाळ विझत नाही? स्प्रिंग वाढवा. उघडायला वेळ लागतो? स्प्रिंग वाढवा. त्यांच्या ब्रेकरची स्प्रिंग बसवायला क्रेन लागते, आणि तो एकदा उघडला की शेजारच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन उभी राहतात. माझं म्हणणं साधं होतं. जाळाशेजारचा गॅस तापून फुगतोच आहे, तर त्याला एका छोट्या कप्प्यात अडवू आणि ऐन वेळी जाळाच्याच अंगावर सोडू. म्हणजे स्प्रिंगला फक्त संपर्क ओढायचं काम उरेल आणि ती एक तृतीयांश पुरेल. ही कल्पना जगात काही नवी नव्हती, आमच्या कारखान्यात मात्र ती पाखंड ठरली. स्प्रिंगसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान आहे. स्प्रिंग किती वाढवणार?"

आता नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण. घरी ती चिमी, प्रयोगशाळेत मॅडम, आणि मॅडमची पाठ वळली की नापासबाई. नवे ब्रेकर जिथे खऱ्या शॉर्टसर्किटवर घालून छळतात त्या प्रयोगशाळेत ती चाचणीप्रमुख आहे. तिची सही झाल्याशिवाय ब्रेकर बाजारात जात नाही. नात्यातल्या माणसानं नात्यातल्या माणसाची परीक्षा घेतलेली चालते का, असं तिनं स्वतःच वर लेखी विचारलं होतं. दोघींनी नातं लिहून दिलं तर चालतं, असं उत्तर आलं. आम्ही लिहून दिलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी इतरांच्या दुप्पट कडक वागायला लागली.

चार नापाशींचा हिशेब असा: दोनदा झोत सोडणारं तोंड, म्हणजे नोझल, फाटलं, एकदा कप्प्याची झडप अडकली आणि एकदा सगळं नीट होऊन अठरा मिलिसेकंदांनी जाळ पुन्हा पेटला. चारही वेळा चिमीनं त्याच आवाजात "अहवाल उद्या मिळेल" म्हटलं, आणि संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझ्याच हातचं जेवली. कारण आम्ही एकाच इमारतीत राहतो. आम्ही दोघं दुसऱ्या मजल्यावर, सासूबाई आणि चिमी तिसऱ्यावर, आणि चूल मात्र एकच, आमची. कामाचं काम तिकडेच ठेवायचं, घरात आणायचं नाही, हा चिमीचा नियम. तो ती पाळते, मी पाळते, माझा नवरा दातांचा डॉक्टर असल्यामुळे त्याला पाळण्यासारखं काही नसतंच. पाळत नाहीत त्या सासूबाई.

सासूबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं, पेपर लिहिणारी आणि पेपर तपासणारी. पाचव्या चाचणीच्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप हातात घेऊन लेकीवर घसरल्या.

"चार वेळा! अगं, मी माझ्या उभ्या नोकरीत कुणाला चार वेळा नापास केलं नाही. तिसऱ्या वेळी मूलच मला म्हणायचं, बाई, आता पुरे."

"आई, ती टाकी आहे. टाकीला ग्रेस मार्क नसतात."

"टाकीला नसतील. माणसाला असतात. घरची सून आहे ती. जरा सांभाळून घेतलंस तर काय आकाश कोसळणार आहे?"

चिमीनं कप ठेवला, बॅग उचलली आणि निघाली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला सासूबाईंचा राग आला, कारण या बोलण्याचा परिणाम एकच होणार होता. नापासबाई आज आणखी कडक होणार होत्या.

आणि आज मला ते परवडणारं नव्हतं. महिनाअखेरीला आमच्या कारखान्याची निवड समिती बसणार होती. एका बाजूला स्प्रिंगसाहेबांचा नवा ब्रेकर, दुसऱ्या बाजूला माझा. त्यांच्याकडे पास झाल्याचा अहवाल होता, माझ्याकडे चार नापाशी. प्रयोगशाळेची पुढची तारीख मागितली तर पाच महिन्यांनंतरची मिळत होती. म्हणजे आज जमलं नाही तर माझी सहा वर्षांची ड्रॉइंगं कपाटात, आणि त्यांच्यामागोमाग मीही. मला जुन्या नकाशांच्या विभागात हलवण्याचं बोलणं आधीच कानावर आलं होतं.

असा दिवस कसा सुरू व्हावा? आमच्या माणसांनी गॅसच्या नळीचा चुकीचा जोड आणला होता. माझ्याच यादीत चुकीचा क्रमांक होता, त्यामुळे ओरडायलाही कुणी उरलं नाही. दुसरा जोड कातून घेईपर्यंत दोन तास गेले. आमची वेळ दुपारी दोनपर्यंत, आणि फाटकाबाहेर पुढचं गिऱ्हाईक ट्रकवर ट्रान्सफॉर्मर घेऊन हॉर्न वाजवत उभं.

शेवटी गॅस भरायला घेतला. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. चाचणी भरपूर गॅसवर करत नाहीत, कमीत कमी गॅसवर करतात. वीस वर्षांनी थोडा थोडा गॅस झिरपून जाईल, तेव्हाही ब्रेकरनं काम केलं पाहिजे, म्हणून आजच त्याला अर्धपोटी ठेवून पळवायचं. आमच्यासाठी ती खूण होती दाबमापकाच्या काट्यावर पाच बार. आता गॅस सिलिंडरमधून सुटतो तेव्हा तो गारठलेला असतो, नळीवर पांढरं दव धरतं. गार गॅस आकसून बसतो, काटा कमी दाखवतो. मग टाकीत तो हळूहळू खोलीच्या उबेला येतो आणि काटा वर चढतो. म्हणून भरल्यानंतर एक तास कुणी हात लावायचा नाही, तासानंतर काटा पाचवर आणायचा, जास्तीचा गॅस परत काढून घ्यायचा आणि मगच आकडा लिहायचा. या तासाला प्रयोगशाळेत झोप म्हणतात. गॅस झोपलाय, असं म्हणून सगळे चहाला जातात. आजवर चिमीनं माझा असा एकही तास एका मिनिटानंसुद्धा कमी केलेला नव्हता.

त्या दिवशी काटा पाचवर आला तेव्हा अकरा वाजले होते. एक तास झोप, मग तारा जोडायच्या, मग गेटं बंद करायची, असा हिशेब केला तर दोनच्या आत काही होत नव्हतं. मी चिमीकडे बघितलं. तिनं फाटकाकडे बघितलं. हॉर्न वाजला. तिनं वही उघडली.

"काटा पाचवर आहे ना?"

"आहे."

"मग घेते लिहून. जोडा तारा."

मी चकित झाले. हातात आलेलं कोण सोडतं? मी मान खाली घालून तारा जोडायला लागले.

आणि आम्ही पास झालो. शॉर्टसर्किटचे तिन्ही फटके, पहिल्या शून्याला जाळ गुल. आमच्या फिटरनं मला उचलायचंच बाकी ठेवलं. मॅडम नियंत्रणकक्षातून बाहेर आल्या, चेहरा भिंतीसारखा, म्हणाल्या, "अहवाल उद्या मिळेल." पण मला वाटलं की चष्म्यामागे काहीतरी हललं.

संध्याकाळी घरात नुसता आनंदीआनंद. सासूबाई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या आणि मधूनमधून "शंभरपैकी शंभर" म्हणत होत्या. नवऱ्यानं येताना केक आणला होता, त्यावर ब्रेकरचं चित्र काढून मागितलं होतं आणि केकवाल्यानं गॅसची शेगडी काढून दिली होती. चिमीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि चक्क विनोद केला, तोही बरा. तेवढ्यात माझ्या फोनवर प्रयोगशाळेच्या फोटोग्राफरचे फोटो आले. चाचणीआधीचा एक, नंतरचे दोन, ही तिथली पद्धत. मी ते मोठे करून बघायला लागले, आपल्या लेकराचे फोटो बघतात तसे.

चाचणीआधीच्या फोटोत काटा पाचवर नव्हता. पाच पूर्णांक चारवर होता.

पहिल्यांदा मी स्वतःची समजूत घातली. फटक्यांनी गॅस तापला असेल. पण हा फोटो फटक्यांच्या आधीचा होता, खाली वेळ छापलेली होती, अकरा चाळीस. मग वाटलं, कॅमेरा तिरका असेल. कॅमेरा समोर होता. टाकीशेजारी हेल्मेट घातलेली चिमी उभी होती, बरोबर काट्याच्या शेजारी, आणि तिचं लक्ष फाटकाकडे होतं.

म्हणजे चाळीस मिनिटांत गॅस जागा झाला होता. आम्ही पाच लिहिलं आणि आत पाच पूर्णांक चारचा गॅस होता. माझा ब्रेकर अर्धपोटी नव्हे, पोटभर जेवून धावला होता. तो खऱ्या पाचवर पास होईल का? होईल. कदाचित. मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं हाच तर सगळा मुद्दा होता.

"वहिनी, फोटो आले का गं?" चिमीनं विचारलं. "मला अजून पाठवले नाहीत त्यानं."

"नाही," मी म्हणाले, "अजून नाही."

आणि फोन पालथा ठेवला. इतकं धडधडीत खोटं मी तिच्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. त्या आकड्यात माझी सहा वर्षं होती. आणि नुसती माझी वर्षं असती तर एकवेळ चाललं असतं. माझ्या लग्नानंतरच्या बारा वर्षांत या बाईनं माझ्यासाठी पहिल्यांदा एक नियम वाकवला होता, आणि तिला जाऊन मी सांगायचं काय, तर तू वाकवलास तोच नेमका चुकीचा होता?

जेवणं झाली. चिमी भांडी घासायला उभी राहिली, मी पुसायला. सहा भांडी पुसून होईपर्यंत मी धीर धरला. सातव्याला मी फोन तिच्यासमोर ओट्यावर ठेवला.

तिनं हात पुसले. चष्मा कपाळावर सरकवून फोटो मोठा केला.

"पाच पूर्णांक चार," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "मी नापास."

"तू कशी नापास? गॅस मी भरला."

"आणि आकडा कुणी लिहिला?"

"चुकीचा जोड कुणी आणला? माझ्यामुळे घाई झाली. माझी चूक आहे."

"वहिनी, चूक तुझी लिहिली तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. निकाल मागे घेण्याच्या अर्जात चूक कुणाची हा रकाना असतो. गिऱ्हाइकाची असेल तर गिऱ्हाइकानं पुन्हा रांगेत शेवटी उभं राहायचं, म्हणजे पाच महिने. प्रयोगशाळेची असेल तर प्रयोगशाळेनं यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मोकळ्या ठेवलेल्या येत्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं चाचणी पुन्हा करायची. पण मग ज्याच्या हातून चूक झाली त्याची सही सहा महिने बंद. आणि पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेच्या संचालकाची खुर्ची रिकामी होणार होती, तिथे कोण बसणार हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

"म्हणूनच माझी लिही," मी म्हणाले. "मी थांबेन पाच महिने."

"तुझी समिती थांबेल?"

"ते माझं मी बघेन!"

"ओरडू नकोस. चूक माझी आहे."

"माझी आहे!"

आवाज ऐकून सासूबाई मटाराच्या वाटीसकट दारात आल्या. आजवर त्यांनी माणसांना चूक दुसऱ्यावर ढकलताना पाहिलं होतं, ती ओढून घेण्यासाठी भांडताना पहिल्यांदाच बघत असाव्यात. काय झालं ते चिमीनं त्यांना चार वाक्यांत सांगितलं. सासूबाई दाराला टेकल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"मग चूक माझी," त्या म्हणाल्या. "सकाळी मीच नको ते बोलले."

"आई, तू मध्ये पडू नकोस!"

"माझा यात काही संबंध आहे का?" केकचा तुकडा हातात घेऊन नवऱ्यानं आतून विचारलं.

"नाही!" आम्ही तिघी एका सुरात ओरडलो. तो परत गेला.

त्या भांडणाचा निकाल लागलाच नाही. निदान मला तरी तसं वाटलं. मी ठरवलं होतं की सकाळी लवकर जाऊन मीच अर्ज भरायचा. सकाळी सातला मी वर गेले तर चिमी साडेसहालाच निघून गेलेली. प्रयोगशाळेत पोचले तोवर अर्ज देऊन झाला होता. हे मला तिच्या हाताखालच्या माणसानं सांगितलं. हा माणूस कुठल्याही ऋतूत टाय लावतो, म्हणून सगळे त्याला टाय म्हणतात. तो बिचारा गांगरून गेला होता, कारण आजपासून सही त्याची चालणार होती.

मी तणतणत चिमीच्या खोलीत शिरले. ती टेबलाचे खण आवरत होती.

"मला विचारलंस का?"

"तुला काय विचारायचं? अर्जात गॅस कुणी भरला असं विचारलेलं नाही. आकडा कुणी लिहिला असं विचारलंय. आकड्याखाली अक्षर माझं आहे."

"खुर्ची गेली ना तुझी."

"गेली." तिनं खण लोटला. "बस जरा. तुझा ब्रेकर नापास झाला ना, तर मला झोप लागते. चारही वेळा लागली. पण खोटा पास झालेला ब्रेकर मी कुठल्या केंद्रात बसू देणार नाही. त्याच्या बाजूला कुणीतरी डबा सोडून जेवायला बसलेला असेल, त्याला काय सांगू? की आईनं सांगितलं म्हणून?"

मी समोरची खुर्ची ओढून बसले. मग ती म्हणाली, "मंगळवारी दुरुस्तीचा दिवस आहे. नळीचा जोड तेवढा नीट आण."

मंगळवारी मी नळीचे तीन जोड नेले. चिमीनं रजा टाकली होती. सही नसताना त्या खुर्चीत बसून काय करू, असं म्हणाली होती, पण घरीही थांबली नाही. नियंत्रणकक्षाच्या वर पाहुण्यांसाठी काचेची गॅलरी आहे, तिथे गिऱ्हाइकं बसतात आणि उगाच हेल्मेट घालून फोटो काढतात. तिथे पहिल्या रांगेत, गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला घालून, ती येऊन बसली.

गॅस भरला. टाय घड्याळ बघून म्हणाला, "मॅडम, चाळीस मिनिटं पुरतील का? खोली गरम आहे."

"साठ," मी म्हणाले. "आणि मला मॅडम म्हणू नका."

साठ मिनिटं मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. काटा चढत गेला. पाच पूर्णांक दोन, पाच पूर्णांक तीन, मग पाच पूर्णांक चारजवळ येऊन थबकला. आम्ही जास्तीचा गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घेतला, काटा बरोबर पाचवर आणला, टायनं तीनदा बघून लिहिलं. आम्ही नियंत्रणकक्षात आलो आणि दारं बंद झाली.

पहिला फटका. धप्प असा जाड आवाज, जमीन किंचित थरथरली. पडद्यावर रेघ उमटली, पहिल्या शून्याला जाळ गुल. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात दुसरा फटका, तोही पहिल्याच शून्याला. नंतर तीन मिनिटं थांबायचं आणि तिसरा. हीच खरी परीक्षा, कारण आता गॅस दमलेला, नोझल भाजलेलं, आणि टाकीत आधीच कमी असलेला गॅस. त्या तीन मिनिटांत मी मनातल्या मनात समितीला, स्प्रिंगसाहेबांना आणि जुन्या नकाशांच्या विभागाला एकेक शिवी दिली, तरी वेळ उरला.

तिसरा फटका.

रेघ पहिल्या शून्याला आली आणि थांबली नाही. पुढे गेली. पाच पूर्णांक चारवर इथेच विझला होता, पाचवर नाही विझला. रेघ वर गेली, वळली, पुन्हा शून्याकडे उतरू लागली. दुसऱ्या शून्याला आली आणि सपाट झाली. सपाटच राहिली. मी अठराव्या मिलिसेकंदाकडे बघत होते, तिथे मागे एकदा ती पुन्हा उठली होती. नाही उठली. वीस, तीस, शंभर. सपाट.

टायनं पट्टी लावून मोजलं. "दुसऱ्या शून्याला. मर्यादेत आहे." मग त्यानं पुन्हा मोजलं, टाय सैल केला आणि म्हणाला, "पास."

मी काही म्हणायच्या आत वरून, काचेमागून, कोणीतरी किंचाळलं. किंचाळलं म्हणजे लहान पोरं मैदानावर किंचाळतात तसं, लाज सोडून, लांबलचक. मी दचकले. मला वाटलं, एखादं गिऱ्हाईक असेल. वर बघितलं तर चिमी खुर्चीवर उभी होती. दोन्ही मुठी काचेवर आपटत होती, बिल्ला गळ्यात उलटा झाला होता आणि तोंडानं "वहिनी! वहिनी!" चाललं होतं. बारा वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. टायनं तर तोंडच उघडं ठेवलं.

मी जिना चढून वर गेले, की धावत गेले, आठवत नाही. तिनं मला मिठी मारली तेव्हा तिचा चष्मा माझ्या गालात रुतला. दोघी रडत होतो. माझी सगळी बारा वर्षं मला तिचा राग येत होता, आणि ती सगळी बारा वर्षं त्या खुर्चीत बसून माझ्याच बाजूनं होती. मला ते कळू द्यायचं नाही, हेच तर तिचं काम होतं.

"इतकं ओरडतात का?" मी नाक पुसत म्हणाले. "काय म्हणतील तुझी माणसं?"

"म्हणू देत. मी आज पाहुणी आहे." तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खाली टाकीकडे बघत म्हणाली, "सही परत यायला सहा महिने आहेत, वहिनी. तेवढ्यात आणखी एखादा ब्रेकर काढ ना. मला अजून ओरडायचंय."